हृदयाची ‘थॅलियम’ तपासणी



डॉक्टरांनी कागदावर ‘स्ट्रेस थॅलियम’ लिहून दिले की आपल्याकडचा माणूस आधी किरणांना घाबरतो आणि मग पुण्या-सोलापूरच्या खर्चाला. पहिली भीती फारशी खरी नाही. दुसरी खरी आहे, म्हणूनच त्या पैशात काय कळते ते पाहू.

आपण उजनीकाठची माणसे. कालव्याची गोष्ट आपल्याला समजावून सांगायला नको. मागणी कमी असली की गाळाने भरलेली चारीसुद्धा पुरते. उन्हाळ्यात सगळे एकदम पाणी मागू लागले की टेलचे शेत कोरडे राहते. हृदयाच्या रोहिणीचेही तसेच आहे. बसल्या जागी अरुंद रोहिणी भागवून नेते, चढ चढताना उणी पडते. अँजिओग्राफीत चारी दिसते. या तपासणीत शेत दिसते.

रोग्याला फिरत्या पट्ट्यावर चालवतात आणि श्रम पुरेसे झाले की शिरेतून किरणोत्सर्गी औषध देतात. नाव थॅलियमचे राहिले असले, तरी आता बहुधा टेक्नेशियम वापरतात. रक्त पोहोचेल तिथल्या स्नायूत ते शिरते आणि गॅमा कॅमेरा त्याचे चित्र घेतो. विश्रांतीतले चित्र वेगळे घेतात. श्रमात फिका आणि विश्रांतीत भरलेला भाग जिवंत असतो, त्याला रक्त कमी पडते एवढेच. दोन्ही वेळा फिका राहिलेला भाग बहुधा जुन्या झटक्याने मेलेला, चोपण जमिनीसारखा. फिका भाग किती मोठा, यावर आजाराचे गांभीर्य ठरते. मात्र तिन्ही रोहिण्या सारख्याच अरुंद असतील तर सगळेच शेत सारखे दिसते आणि चित्र फसवू शकते.

गुडघे धरलेल्या दादीला पट्ट्याऐवजी इंजेक्शन देता येते; त्यासाठी आदल्या दिवसापासून चहा बंद. टेक्नेशियम दर ६ तासांनी निम्मे होते, तेव्हा दिलेली वेळ चुकवू नये. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने ते आधीच सांगावे.

आता खर्चाचे. २०२० साली ‘इस्केमिया’ नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात ३७ देशांतले ५,१७९ रोगी होते. सर्वांचा आजार स्थिर, पण तपासणीत रक्तपुरवठा बराच कमी. सरसकट अँजिओप्लास्टी-बायपासकडे नेल्याने, आधी औषधोपचार करण्याच्या तुलनेत, सुमारे ३ वर्षांत मृत्यू कमी झाले नाहीत. छातीचे दुखणे मात्र अधिक कमी झाले. म्हणून दुखणे स्थिर असेल तर रान विकायला काढण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा: किती स्नायूला रक्त कमी पडते? मुख्य डावी रोहिणी मोकळी आहे ना? औषधांवर भागेल का?

हे स्थिर दुखण्याचे झाले. छाती आवळून आली, घाम फुटला, दुखणे थांबेना, तर त्या वेळी ही तपासणी करायची नसते; १०८ ला फोन लावून तडक ईसीजीची सोय असलेला दवाखाना गाठावा.