पाठकोऱ्या कागदावरची कथा
(विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



नव्याने कथा लिहू पाहणाऱ्या मुलामुलींना प्रेरणा कशी मिळावी आणि त्यांची चिकाटी कशी टिकावी, यावर आम्ही बोलावे अशी कार्यकर्त्यांची इच्छा आहे. विषय मोठा आणि आमचा अधिकार थोडा. आमच्या नावावर कथांची दोन लहान पुस्तके आहेत, तीही आता कुठे मिळत नाहीत. तेव्हा उपदेश करण्यापेक्षा आमची फजिती सांगतो.

१९७९ साली आम्ही बारावीत असताना पहिली कथा लिहिली. वडील एका कचेरीत शिपाई होते. ते पाठकोरे कागद घरी आणीत. सगळे निजले की त्या कागदांच्या कोऱ्या बाजूवर आम्ही लिहीत बसायचो. कथेत बंगला होता, दारात मोगऱ्याचे ताटवे होते आणि नायिका सतार वाजवीत असे. सतार आम्ही तोवर फक्त चित्रात पाहिली होती! कथा एका मासिकाकडे पाठविली. ती महिन्याभराने 'साभार परत' अशा छापील चिठ्ठीसह आली. वाईट वाटले, पण खरा धक्का आईने दिला. आईला अक्षरओळख नव्हती. परत आलेली कथा तिला वाचून दाखविली. तांदूळ निवडता निवडता तिने शेवटपर्यंत ऐकली आणि एवढेच विचारले, "ह्या बाईच्या घरी पाणी कोन भरतं रं?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. आमच्या वस्तीत पहाटे चारला नळाला पाणी येई आणि पाऊण तासात जाई. रांग, हंडे, त्यावरून जुंपणारी भांडणे, पोटुशी बाई आली की तिला पुढे जाऊ देणे, एखादीला मुद्दाम मागे रेटणे, हे आम्ही रोज पाहत होतो. त्यातले एक अक्षर कथेत आले नव्हते. हे लिहिण्यासारखे आहे असे तेव्हा वाटलेच नाही, असे आम्ही पुढे लोकांना सांगत आलो. ते पूर्ण खरे नाही. आम्हाला लाज वाटत होती. संपादकाला आमची वस्ती कळू नये म्हणून तो बंगला बांधला होता.

पुढे कॉलेजच्या ग्रंथालयात बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा १९६३ सालचा संग्रह हाती पडला. शीर्षककथेतला तरुण परगावी नोकरीला जातो, राहायला जागा मिळावी म्हणून जात लपवतो आणि ती उघड झाल्यावर मार खातो. बागुलांना स्वतःलाही सुरतेत जात लपवून राहावे लागले होते, आणि ते सहन न होऊन ते तेथून निघून आले होते. ती कथा आम्ही कपाटापाशी उभ्यानेच वाचून संपविली. त्या तरुणाला निदान डोक्यावर छप्पर हवे होते. आमच्या डोक्यावर तर छप्पर होते; मग आम्ही कशासाठी चोरी केली? प्रेरणा प्रेरणा म्हणतात ती आमच्याकडे अशी आली, मान खाली घालायला लावणारी.

त्यानंतर नळावरची कथा लिहायला घेतली. ती एका बैठकीत झाली असेल असे कोणास वाटेल. पाच वेळा लिहिली. पहिल्या खर्ड्यात रांगेतली बाई सभेत उभी राहिल्यासारखी बोलत होती, आईने ऐकून विचारले, "नळावर कोन बोलतं असं?" सगळे संवाद काढले. दुसऱ्या खर्ड्यात संवादच उरले नाहीत. असे करीत करीत दीड वर्ष गेले. मग तीन ठिकाणांहून ती परत आली आणि चौथ्या ठिकाणी, एका लहानशा नियतकालिकात, छापून आली. मानधन म्हणून दोन अंक मिळाले. लहान नियतकालिकांना कोणी हलके समजू नये. गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादेत 'अस्मितादर्श' चालविले नसते तर आपल्यातल्या कितीतरी लिहित्या हातांना जागा मिळाली नसती.

मुले म्हणतात, सर, लिहायला निवांत जागा नाही. खरे आहे. अण्णा भाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहत होते. शाळा त्यांना जेमतेम दीड दिवसाची. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे वाचत त्यांनी अक्षरे पक्की केली असे सांगतात. 'फकिरा' १९५९ साली आली, ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, आणि १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. मुलींनी उर्मिला पवारांकडे पाहावे. नोकरी, संसार, मुले सांभाळून त्या एम. ए. झाल्या, कथा लिहिल्या, आणि २००३ साली त्यांचे 'आयदान' आले. त्यांची आई आयदाने विणून घर चालवी. तरीपण मित्रांनो, झोपडीत राहिल्याने लेखक होतो असा अर्थ कृपा करून काढू नका. अण्णा भाऊंना बरी खोली मिळाली असती तर मराठीचे काही नुकसान झाले नसते.

आता एक गोष्ट, जी आम्ही सहसा सांगत नाही. नळावरची कथा छापून आली आणि शेजारच्या एका मावशीने आमच्याशी बोलणे टाकले. तिच्या मुलाने तिला कथा वाचून दाखविली होती. नाव आम्ही बदलले होते, पण काठ चेपलेला हंडा तिचाच होता, आणि रांगेत तिने कोणाला काय म्हटले तेही जसेच्या तसे होते. सगळी वस्ती हसली. आम्ही आईला म्हणालो, खरे तेच तर लिहिले! आई म्हणाली, "खरं हाय. पन तू भांडान लिवलंस, तिचा नवरा अंथरुनाला खिळलाय ते कुठं लिवलंस?" ते आम्हाला ठाऊक होते. कथेला अडचण होईल म्हणून गाळले होते. पुस्तक निघाले तेव्हा ते घालून कथा सहाव्यांदा लिहिली. ती अधिक चांगली झाली. पुस्तक घेऊन मावशीकडे गेलो, तर त्यांनी चहा दिला, पुस्तक कोनाड्यात ठेवले आणि विषय काढला नाही. आज त्या नाहीत. त्यांनी ते कोणाकडून वाचून घेतले की नाही, आम्हाला कळले नाही.

अध्यक्षांनी वेळेची चिठ्ठी पुढे सरकविली आहे. ज्यांनी काही लिहून आणले असेल त्यांनी भोजनानंतर मागच्या खोलीत यावे. अर्धे असले, मोबाइलवर असले तरी चालेल. मात्र मोठ्याने वाचावे लागेल. स्वयंपाक करणाऱ्या भगिनींनाही आम्ही ऐकायला बोलावले आहे.

जयभीम.