समुद्राचा वास

पावसाळ्याच्या सुमारास अरबी समुद्रात, किनाऱ्यापासून बरेच दूर, एक लहानसा काळसर पक्षी दृष्टीस पडतो. आकाराने तो चिमणीहून थोडासाच मोठा. शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. लाटांच्या अगदी जवळून उडताना तो आपले लांब पाय पाण्याला असे टेकवीत जातो की, जणू पाण्यावरून चालतच आहे. यास विल्सनचा वादळी पेट्रेल म्हणतात. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर व त्या बाजूच्या बेटांवर, खडकांच्या फटींतून तो अंडे घालतो आणि तिकडचा हिवाळा टाळण्यासाठी विषुववृत्त ओलांडून उत्तरेकडे येतो.

रानातल्या पाखराला झाड ओळखता येते, ओढा ओळखता येतो. पण समुद्रावर खूण ती कशाची ठेवावयाची? शेकडो मैल सारखेच पाणी, आणि त्यात अन्न मात्र कोठे तरी विखुरलेले. ते या पक्ष्यांना सापडते कसे?

वासाने सापडत असेल, ही कल्पना फार काळ कोणाला पटण्यासारखी नव्हती. अमेरिकेतील प्रसिद्ध पक्षिचित्रकार ऑड्युबन यांनी १८२६ साली गिधाडांवरील आपल्या प्रयोगांची हकिगत प्रसिद्ध केली. झाकून ठेवलेले सडके मांस गिधाडांना सापडले नाही, एवढ्यावरून पक्ष्यांना घ्राणशक्ती नसतेच असा समज रूढ झाला. त्यास धक्का दिला तो बेट्सी बँग या विदुषीने. शंभराहून अधिक जातींच्या पक्ष्यांचे मेंदू तपासून, गंधाचे ज्ञान करून देणारा मेंदूचा भाग पेट्रेल-वर्गात विशेष मोठा असतो, असे त्यांनी व स्टॅन्ली कॉब यांनी १९६८ मध्ये दाखविले. या वर्गातील पक्ष्यांच्या नाकपुड्याही चोचीवर नळ्यांसारख्या उठून दिसतात.

तरीही ते नेमका कोणता गंध हुंगतात, हा प्रश्न उरलाच होता. गॅब्रिएल नेव्हिट या अमेरिकन जीवशास्त्रज्ञ बाई प्रथम साल्मन मासा वासाच्या आधारे आपल्या नदीकडे कसा परततो याचा अभ्यास करीत असत. पुढे त्या दक्षिण महासागराकडे वळल्या. तेथील एका सफरीत वादळामुळे जहाज हेलकावले, त्यांना दुखापत झाली आणि अंथरुणास खिळून राहावे लागले. जहाज बंदराला लागल्यावर पुढील सफरीसाठी टिम बेट्स हे वातावरणाचे रसायनशास्त्रज्ञ त्यावर आले. त्यांच्या बोलण्यातून बाईंना एका वायूची माहिती मिळाली. त्याचे नाव डायमिथिल सल्फाइड.

हा वायू निर्माण होतो तो असा. समुद्रपृष्ठाजवळ सूक्ष्म वनस्पती तरंगत असतात. क्रिल नावाचे, कोळंबीसारखे बारीक प्राणी त्या खाऊ लागले, म्हणजे त्या वनस्पतींतील एक द्रव्य विघटन पावते आणि हा गंधयुक्त वायू हवेत मिसळतो. म्हणजे जेथे हा गंध दाट, तेथे क्रिल चरत असण्याचा संभव अधिक. आणि क्रिल हेच या पक्ष्यांचे एक मुख्य खाद्य. नेव्हिट व त्यांच्या सहकाऱ्यांनी समुद्रावर वनस्पतितेलाचे तवंग सोडून पाहिले. काही तवंगांत हा गंध मिसळला होता, काहींत नव्हता. गंधाच्या तवंगाकडे वादळी पेट्रेल व त्यांचे काही भाईबंद अधिक संख्येने आले; काळ्या भुवईचे अल्बट्रॉस मात्र त्याने आकृष्ट झाले नाहीत. हे संशोधन १९९५ साली प्रसिद्ध झाले. डोळ्यांना सपाट दिसणारा समुद्र या पक्ष्यांच्या नाकाला मात्र सपाट नाही. त्यात गंधाची डोंगरदऱ्यांसारखी चढउतार आहे.

परंतु या शोधाला एक दुःखद पुरवणी जोडली गेली आहे. नेव्हिट यांचे विद्यार्थी मॅथ्यू सॅव्होका यांनी प्लॅस्टिकचे मणी जाळीच्या पिशव्यांत घालून कॅलिफोर्नियाच्या समुद्रात सुमारे तीन आठवडे ठेवले, आणि मग मद्याचा गंध पारखणाऱ्या रसायनशाळेत त्यांची परीक्षा करविली. मण्यांवर शेवाळाचे बारीक थर चढले होते आणि त्यांना तोच, डायमिथिल सल्फाइडचा, वास येत होता. या गंधामागे जाणाऱ्या जाती इतर जातींपेक्षा जवळजवळ सहापट अधिक वेळा प्लॅस्टिक गिळतात, असे त्यांनी २०१६ साली नोंदविले. या अनुमानावर वाद झाला. पक्ष्यांच्या आहाराचाही त्यात वाटा असावा, असे काहींनी म्हटले. पण तरंगत्या प्लॅस्टिकला अन्नाचा गंध येऊ लागतो, ही गोष्ट चिंता वाटावी अशीच आहे.

पक्ष्याच्या नाकाने येथे चूक केलेली नाही. ज्या गंधामागे पिढ्यान्‌पिढ्या अन्न मिळाले, त्यामागे तो आजही विश्वासाने जातो. पोटात गेलेले प्लॅस्टिक पचत नाही. आणि पिलाला चोचीतून भरवावयाच्या घासातही ते उतरते. माणसाने टाकलेली पिशवी लाटांवरून कोठे जाईल याचा माणसाला पत्ता नसतो. अंटार्क्टिकाहून अरबी समुद्रात येणाऱ्या त्या चिमुकल्या पाहुण्याला मात्र ती वाटेत कोठेही गाठू शकते.