कोपऱ्यातली खूण

कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या भाच्याचं छोटं वर्कशॉप आहे. दोन व्हीएमसी, एक लेथ आणि सहा माणसं. मी बीए झालेला, कवितेत रमणारा. तिथं जातो तो चहा प्यायला. पण एकदा तिथं जे पाहिलं, ते तुम्हाला सांगावंसं वाटतं.

अमेरिकेतल्या एका गिऱ्हाइकाचं साठ नगांचं काम होतं. तुकडा साधा. पाठ एका बाजूला उतरत गेलेली, पाचरीसारखी, आणि वरून खाली आरपार एक भोक. तेही मधोमध नव्हे, पुढच्या कडेजवळ. ड्रॉइंग संगणकावरून निघालेलं, रेषा केसासारख्या स्वच्छ. साठही नग मापात झाले आणि साठही भंगारात गेले. भोक मागच्या कडेजवळ पडलं होतं. उजव्या पायाचा जोडा सांगावा आणि डाव्या पायाचा यावा, तशी गत. पहिला नग तपासला होता. पण तपासणाऱ्यानंही तोच कागद तसाच वाचला होता.

झालं होतं ते असं. वस्तू समोरून कशी दिसते ते चित्र काढलं, की वरून दिसणारं चित्र कुठं ठेवायचं? अमेरिकेत ते वर ठेवतात. ती थर्ड अँगल पद्धत. आपल्याकडे कॉलेजात शिकवतात ती फर्स्ट अँगल. तीत ते खाली येतं. त्यामुळे वरचं चित्र आमच्या मंडळींनी खालून पाहिलेलं समजून वाचलं आणि पुढची कड मागं गेली. पद्धत कोणती, हे सांगणारी एक खूण टायटल ब्लॉकजवळ असते : शेंडा छाटलेल्या शंकूची दोन छोटी दृश्यं. त्या कागदावर ती नव्हती.

ही चित्रभाषा जुनी आहे. गास्पार मोंज या फ्रेंच गणितज्ञानं १७९५ साली पॅरिसमध्ये ती व्याख्यानांतून शिकवली. पुढं ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, अमोनिया प्रिंटचा तो नाकात जाणारा वास. आता संगणकात आधी अख्खी वस्तूच घडवतात. मग हुकूम दिला की समोरचं, वरचं, बाजूचं दृश्य आपोआप कागदावर येतं. मॉडेलमधलं भोक मोठं केलं, तर ड्रॉइंग अद्ययावत करताच तिथलं मापही बदलतं.

मी भाच्याला विचारलं, "मग मॉडेलच पाठवलं की झालं. कागद कशाला?"

तो म्हणाला, "मामू, मॉडेलमधलं भोक बरोबर २५ मिलिमीटरचं असतं. बरोबर २५ कुठलंच मशीन करत नाही. चूक किती चालेल, ते कुणीतरी सांगायला हवं ना!"

त्यानं एक कागद दाखवला. भोकापाशी लिहिलं होतं २५ एच७. म्हणजे भोक २५ पासून २५.०२१ पर्यंत चालेल. त्यात बसणाऱ्या दांड्यावर २५ जी६. म्हणजे तो २४.९८० ते २४.९९३. दोघांत कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त ४१ मायक्रॉनची फट. तेवढ्या फटीत तेल राहतं आणि दांडा फिरतो. आता अशा सूचना मॉडेललाच जोडता येतात. अमेरिकेत त्याचं मानक २००३ साली निघालं. पण भाच्याकडे अजून येते ती पीडीएफच. फट किती ठेवायची, माप कुठल्या कडेपासून धरायचं, हे शेवटी माणूसच ठरवतो. संगणक दृश्यं मांडतो तीही ज्या पद्धतीवर त्याला लावून ठेवलंय त्या पद्धतीनं. खूण छापायची राहिली, तर तो हटकत नाही.

कवितेच्या ओळीचे दोन अर्थ निघाले, तर आम्ही कवी खूश होतो. इथं दोन अर्थ निघाले आणि मशीनवरच्या पोराची झोप उडाली. पगारातून कापून घेतील, या भीतीनं तो दोन दिवस कामावर आला नाही. भाचा स्वतः त्याच्या घरी गेला. म्हणाला, "खूण नव्हती हे खरं, पण ती नाही, हे मला दिसायला हवं होतं. मालक मी आहे." नुकसान त्यानं स्वतः सोसलं.

आता त्याच्या टेबलावर एक लाल पेन्सिल असते. ड्रॉइंग आलं की आधी कोपऱ्यातल्या खुणेभोवती गोल करायचा. खूण नसेल, तर गिऱ्हाइकाला विचारायचं आणि मगच मशीन चालू करायचं. तो गोल काढण्याचं काम त्यानं त्याच पोराकडे दिलंय.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)