विश्वस्तांवर देखरेख कोणी ठेवायची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



संस्थांचा कारभार हा विषय आपल्याकडे रुक्ष समजला जातो. घटना, ताळेबंद, इतिवृत्ते, धर्मादाय कार्यालयातले अर्ज हे सारे आपण एखाद्या निवृत्त हिशेबनिसाच्या गळ्यात बांधतो आणि मोर्चाला निघतो. परंतु आपल्या चळवळीने दोन-तीन पिढ्यांत जे उभे केले, त्या शाळा, वसतिगृहे, वाचनालये, एखादे सभागृह, गावाबाहेरची चार-दोन एकर जमीन, हे बव्हंशी सार्वजनिक न्यासांच्या नावावर आहे. पक्ष फुटले, विलीन झाले, त्यांची नावे बदलली. जमिनी मात्र राहिल्या. ज्यांनी त्या मिळवल्या ती पिढी जवळजवळ संपली आहे आणि शहरे त्या जमिनींच्या कुंपणापर्यंत येऊन ठेपली आहेत. उद्या पाच-सात विश्वस्तांनी एका ठरावावर सह्या केल्या तर त्यांना अडवणारे कोण आहे, हा आजचा प्रश्न आहे.

देखरेख म्हटली की आपले कार्यकर्ते बिचकतात, आणि त्याला इतिहास आहे. परकीय देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा पहिला कायदा १९७६ साली, म्हणजे ऐन आणीबाणीत आला. १९८२ साली केंद्र सरकारने कुदाल आयोग नेमला आणि गांधी शांती प्रतिष्ठान, सर्व सेवा संघ यांसारख्या संस्थांना वर्षानुवर्षे चौकशीच्या फेऱ्यात अडकवून ठेवले. जयप्रकाशजींच्या आंदोलनाशी जवळीक असल्याची ही शिक्षा होती, असेच आपण सर्वांनी तेव्हा मानले, आणि माझे आजही तेच मत आहे. पुढे २०१० साली परकीय देणग्यांचा नवा कायदा झाला. २०२० च्या दुरुस्तीने तो आणखी आवळला. आलेला निधी दुसऱ्या संस्थेला देण्यास बंदी झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणण्यात आली. गावपातळीवर काम करणाऱ्या, स्वतः दिल्लीपर्यंत पोहोचू न शकणाऱ्या लहान संस्थांचे पाणी त्यामुळे तुटले. तेव्हा सरकारी देखरेखीची भीती निराधार नाही. पण सरकार दंडुका घेऊन येते म्हणून घराला कडीच नको असे म्हणणे शहाणपणाचे होणार नाही.

अर्थशास्त्राच्या अंगाने पाहिले तर धर्मादाय संस्थेत एक मूलभूत अडचण आहे. दुकानदाराने फसवले तर गिऱ्हाईक पुढच्या खेपेस दुसरीकडे जाते. सरकार बिघडले तर मतदार ते बदलतो. न्यासात मात्र पैसा एक देतो आणि सेवा दुसरा घेतो. देणाऱ्याला सेवा कशी मिळाली ते दिसत नाही. घेणाऱ्याने काही मोजलेले नसते, म्हणून त्याच्या तक्रारीला वजन नसते. यावरचा उपाय म्हणून कायदा सांगतो की, शिल्लक कोणी वाटून घ्यायची नाही. पण पुढच्या दाराला कुलूप घातले तरी मागची दारे पुष्कळ असतात. मेहुण्याला बांधकामाचे कंत्राट, मुलाच्या कंपनीला नाममात्र भाड्याने इमारत, ज्या गाडीतून संस्थेचे काम कधी झालेच नाही तिचे इंधन. नफा वाटला असे कागदावर कोठेही दिसत नाही.

आपल्या राज्यात यासाठी १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आहे. आता त्याच्या नावात मुंबईऐवजी महाराष्ट्र आले आहे. सर्व धर्मांच्या न्यासांना एकाच कायद्याखाली आणणारा तो त्या काळी फार पुढारलेला कायदा होता. नोंदणी करा, दरवर्षी हिशेब तपासून घ्या, विश्वस्त बदलले की कळवा, आणि कलम ३६ प्रमाणे स्थावर मालमत्ता विकण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्या. बिगरशेती जमीन वा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाडेपट्ट्याने द्यायची तरी परवानगी लागते. यातला 'पूर्वी' हा शब्द या कलमाचा प्राण होता. २०१७ च्या दुरुस्तीने अपवादात्मक परिस्थितीत व्यवहार झाल्यानंतरही मंजुरी देण्याची वाट उघडली. अपवाद नियमाला कसे गिळतात हे आपल्याला अन्य क्षेत्रांतून ठाऊक आहेच.

शिवाय आयुक्तांना दिसतात ते कागद. हिशेब तपासनीसाने अयोग्य खर्च नोंदवावा असे कायदा सांगतो. पण त्या तपासनीसाला नेमतात विश्वस्तच. ताळेबंदात जमीन खरेदीच्या किमतीला लिहिलेली असते. १९४० साली काही शे रुपयांना घेतलेली जमीन आजही तेवढ्याच आकड्याने बसलेली असते, आणि सर्वसाधारण सभेत ताळेबंद वाचला जातो तेव्हा संस्था गरीब असल्याची सर्वांची खात्री पटते. ताळेबंद हाती आला की कार्यकर्त्याने प्रथम हा आकडा पाहावा आणि त्या जागेचा आजचा भाव बाहेर चौकशी करून त्याच्या शेजारी लिहावा.

कायदा केव्हा जिवंत होतो याचे उदाहरण धर्मादाय रुग्णालयांचे आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली योजना घालून दिली. दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य, दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत, एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्णांच्या निधीत, आणि तातडीच्या रुग्णाकडून अनामत मागायची नाही. आदेश स्पष्ट आहे. तरीही 'खाट रिकामी नाही' हे उत्तर एकट्या नातेवाइकाला मिळते आणि योजनेची प्रत घेऊन चार कार्यकर्ते सोबत गेले की खाट सापडते, असा अनुभव तुमच्यापैकी अनेकांनी मला सांगितला आहे. ज्याच्यासाठी न्यास आहे तो दारात उभा राहिला म्हणजे तीच देखरेख. न्यासात हितसंबंध असलेल्या दोन व्यक्तींना आयुक्तांच्या संमतीने दावा लावता येतो अशीही तरतूद कायद्यात आहे. तिची माहिती किती वसतिगृहांतल्या विद्यार्थ्यांना आपण दिली?

काम करणाऱ्यांनीच संस्था चालवावी हा विचार आपल्याला परका नाही. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ साली निघाली ती आजीव सभासदांच्या तत्त्वावर. जे शिकवत तेच कारभार पाहत. १८९० साली टिळकांनी तिचा राजीनामा दिला, तो सभासदांनी बाहेरची कामे आणि बाहेरची कमाई करावी की नाही या वादातून. आगरकर-गोखल्यांची बाजूही दुर्बळ नव्हती. पण भांडण नियमांवरून झाले, कारणे लेखी दिली गेली, हे मला त्यात मोलाचे वाटते. आज आपल्या संस्थांतले मतभेद चहाच्या टपरीवर मिटतात किंवा थेट न्यायालयात जातात.

निवडणूक हाच उपाय असे मात्र मी म्हणणार नाही. मुंबईच्या पारसी पंचायतीत २००८ पासून सर्व प्रौढ मतदारांनी विश्वस्त निवडण्याची पद्धत सुरू झाली. अधिकार समाजाकडे आला हे उत्तम झाले. पण त्याबरोबर प्रचार, गट आणि विश्वस्तांमधले वादही आले. तरीही हे वाद उघड्यावर झाले. बंद खोलीतल्या एकमतापेक्षा मी ते पत्करीन.

म्हणून आपल्यापुरते काही करता येईल. जिथे आपले लोक विश्वस्त आहेत, तिथे सलग दोन मुदतींनंतर जागा सोडण्याचा नियम घटनेत घालावा. मंडळाच्या एक तृतीयांश जागा शिक्षक, सेवक आणि लाभार्थी यांच्या असाव्यात. विश्वस्तांच्या नातलगांशी झालेला प्रत्येक व्यवहार, रक्कम कितीही लहान असो, वेगळ्या यादीत लिहून सभेत मोठ्याने वाचावा. ज्येष्ठ मंडळींना हा अविश्वास वाटेल. त्यांना सांगावे की ही यादी त्यांच्यानंतर येणाऱ्यांसाठी आहे.

पुढील महिन्याच्या अभ्यासवर्गाला येताना प्रत्येकाने आपल्या तालुक्यातल्या एका न्यासाचा नोंदवहीतला उतारा धर्मादाय कार्यालयातून काढून आणावा. विश्वस्तांच्या रकान्यातली किती माणसे हयात आहेत, येथूनच मोजायला सुरुवात करू.