मनोहरगडावर आणखी एक नाव सांगा

सहलींचे दिवस आले की शाळांची मुलं मनोहरगड चढतात. आग्र्याहून सुटल्यानंतर 1667 मध्ये शिवाजी महाराज इथे राहिले, हे गुरुजी सांगतात. ते सांगायलाच हवं. पण गड उतरण्याआधी फोंड सावंत तांबुळकरांचं नावही मुलांच्या कानावर घाला.

1838 पासून सावंतवाडी संस्थानचा कारभार इंग्रजांच्या हाती होता. 1844 मध्ये कोल्हापूरकडच्या गडकऱ्यांच्या जमिनी मामलेदारांच्या ताब्यात गेल्या, ते उठले, आणि ते लोण घाट उतरून आपल्याकडे आलं. फोंड सावंत संस्थानातले बडे सरदार. घरी बसले असते तर काही बिघडलं नसतं. ते आठ मुलगे घेऊन बाहेर पडले. गादीचे वारस अण्णासाहेबही त्यांना मिळाले.

मग हरले का? देवबाग-तारकर्लीच्या माणसांना रापण शिकवायला नको. दोन्ही अंगांचे दोर एका लयीत ओढावे लागतात. एका अंगाचे हात सैल पडले, की दुसऱ्या अंगाने कितीही जोर लावला तरी मासळी निसटते. इथे घाटावरचा दोर आधी सुटला. ऑक्टोबरात सामानगड पडला, डिसेंबरात पन्हाळा. खालचा दोर एकट्या फोंड सावंतांच्या हातात उरला. जानेवारी 1845 मध्ये मनोहर आणि मनसंतोष दोन्ही गड गेले. रापण रिकामी आली म्हणून ओढणाऱ्यांची नावं कोणी टाकत नाही. आपण मात्र टाकली, याचं मला फार वाईट वाटतं.

फोंड सावंत गोव्यात गेले. इंग्रजांनी मागूनही पोर्तुगीजांनी त्यांना हवाली केलं नाही. 1858 मध्ये त्यांचे मुलगे पुन्हा उठले, पार कारवारकडच्या रानापर्यंत. वर्षअखेर पोर्तुगीजांना शरण गेलेल्यांची रवानगी तिमोर बेटावर झाली. बाई, गुरुजी, ते तिमोर नकाशात मुलांना दाखवा! स्कॉटलंडमध्ये 1746 साली कलोडनला हरलेल्या घराण्यांच्या नावांचे दगड त्या माळावर उभे आहेत. आपण दगड राहू दे, नाव तरी घेऊया. फोंड सावंत तांबुळकर. वहीत लिहून घ्या.

अण्णासाहेबांचं राहिलंच. तेच पुढे 1867 मध्ये सावंतवाडीच्या गादीवर बसले. बंडात उतरलेला वारस गादीपर्यंत परत कसा आला, ते आज वेळेत बसणार नाही.