पत्ता शेवटून वाचा

सप्टेंबर 2025 आठवतोय ना? नांदेड-लातूरकडं अतिवृष्टीनं सोयाबीन पाण्यात गेलेलं, आणि त्यातच 18 तारखेला फर्मान निघालं : 'लाडकी बहीण' योजनेतल्या महिलांनी दोन महिन्यांत ई-केवायसी करावी. त्या घाईत गूगलवर योजनेचं नाव शोधलं की 'हबकोमट डॉट इन' नावाचं बनावट पान पुढं येत होतं. नावात ना लाडकी, ना बहीण, ना महाराष्ट्र. तरी असली पानं चालतात, कारण आपण पान बघतो, पत्ता बघत नाही. राजमुद्रा आणि मंत्र्यांचे फोटो उचलून चिकटवायला कितीसा वेळ लागतो?

आता पत्ता वाचायचा कसा? रेणापूरला जाणाऱ्या पाकिटावर टपालखातं आधी 'जि. लातूर' बघतं, मग तालुका, मग गाव, घरमालकाचं नाव सगळ्यात शेवटी. इथंही तेच. सुरुवातीच्या जोड तिरक्या रेघा सोडून द्या. त्यानंतरची पहिली तिरकी रेघ गाठा आणि तिथून उलटं वाचत या. योजनेचा खरा पत्ता 'महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन'नं संपतो. समजा, कोणी 'महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन डॉट केवायसी-अमुक डॉट कॉम' असं पाठवलं, तर त्याचा मालक शेवटचा 'केवायसी-अमुक'. डावीकडं कोणीही काहीही लिहावं, त्याला पैसे पडत नाहीत. आणि पत्त्याशेजारचं ते कुलपाचं चिन्ह? मधल्यामध्ये कोणी वाचत नाही, एवढंच ते सांगतं. समोर चोर बसला असला तरी कुलूप दिसतंच. म्हणून तर क्रोमनं 2023मध्ये ते काढून टाकलं.

एवढं शिकवल्यावर सरकारच आपली पंचाईत करतं, हे मात्र मला बोललंच पाहिजे. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाड्यांना नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट (एचएसआरपी) सक्तीची झाली. परिवहन खात्यानं हे काम तीन खाजगी कंपन्यांना विभागून दिलं. त्यांचे अधिकृत पत्ते बघा : 'एमएचएचएसआरपी डॉट कॉम', 'एचएसआरपीएमएचझोन2 डॉट इन', 'महाराष्ट्रएचएसआरपी डॉट कॉम'. यातला खरा कोणता, खोटा कोणता, हे भोकरच्या दुचाकीवाल्यानं कशावरून ओळखावं? तिन्ही खरे आहेत! मग चौथ्या कोणी तसाच पत्ता घेऊन दुकान थाटलं तर फसणाऱ्याला अडाणी म्हणायचं आपल्याला तोंड आहे का? खोट्या साइट निघाल्याच, गुन्हेही दाखल झाले.

रिझर्व्ह बँकेनं मात्र शहाणपण दाखवलं. एप्रिल 2025मध्ये तिनं सगळ्या बँकांना 31 ऑक्टोबरपर्यंत 'बँक डॉट इन' या शेपटाखाली यायला सांगितलं. ते शेपूट बँकेशिवाय कोणाला मिळत नाही. परिवहन खात्याला हे जमू नये?

तोवर नंबरप्लेटसाठी गूगलवर शोधू नका. 'ट्रान्सपोर्ट डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन' स्वतः टाइप करा आणि तिथल्या दुव्यावरूनच पुढं जा. पैसे गेलेच, तर घरात कोण काय म्हणेल याचा विचार करत बसू नका. ताबडतोब 1930 लावा. चोरानं पैसे काढून घेण्याआधी फोन लागला, तर ते गोठवता येतात.