भांडेवाडीचं पाणी, कोराडीची वीज

भांडेवाडी म्हटलं,
की नागपूरकराचा हात आधी नाकाकडे जातो.
पण शहराचं बरंच सांडपाणी तिथंच शुद्ध होतं.

गाळ खाली बसतो.
पाण्यात हवा सोडतात,
आणि जिवाणू उरलेली घाण खातात.

मग हे पाणी मोठ्या नळातून निघतं,
कोराडीच्या वीजकेंद्राकडे.
पिण्यासाठी नव्हे हं!
तिथं ते यंत्रं थंड करतं.

तेवढंच पेंच धरणाचं पाणी वाचतं.
पुन्हा सांगते –
वापरलेलं पाणी वीजकेंद्राला,
धरणाचं पाणी माणसांना अन् शेतांना.

या योजनेची क्षमता
रोज सुमारे 13 कोटी लिटर.
आकडा विसरलात तरी चालेल.

हिवाळ्यात, पहाटे,
कोराडीच्या रुंद मनोऱ्यांवर पांढरी वाफ दिसली,
तर ओळखा,
आपल्याच मोरीतलं पाणी वर चाललंय.